उद्या वाचतो, मॅडम

(अकादमीच्या वार्षिक मेळाव्यात लेखक, शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



निमंत्रणपत्रात मला विषय दिला होता ‘बृहन्महाराष्ट्रातील वाचनसंस्कृती’. विषय मोठा आहे आणि त्यावर आपण सगळेच इतक्या वेळा बोललो आहोत की मी काय म्हणणार हे तुम्हाला आधीच ठाऊक असेल. म्हणून संयोजकांच्या परवानगीने मी तो लहान करून घेतला आहे. एक वर्ग, एक पुस्तक आणि ते पुस्तक वाचायचं पुढे ढकलणारा एक विद्यार्थी, एवढ्यावरच मी बोलणार आहे. त्या विद्यार्थ्याला विचारून बोलते आहे. नाव मात्र सांगणार नाही.

इंदूरच्या एका महाविद्यालयात मी गेली २६ वर्षं मराठी शिकवते. एम.ए.च्या वर्गात कधी ११ मुलं असतात, कधी ५. ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी ७ होती. अभ्यासक्रमात लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ होतं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी वर्गात सांगितलं, “गणपतीपर्यंत पूर्ण वाचून या, मग आपण चर्चा करू.” सातही माना हलल्या. शिक्षकांना हे हलणं ओळखीचं आहे.

त्या सातांत एक मुलगा होता. बोलण्यात हुशार, स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन करणारा, वर्गात पहिला हात वर करणारा. गणपती आले. मी विचारलं, “वाचलंस?” तो म्हणाला, “वाचून राहिलोय मॅडम, थोडंसंच बाकी आहे.” गणपती गेले. अनंत चतुर्दशीला इंदूरला रात्रभर झाँक्या निघतात, त्या रात्री कोण वाचणार? मग नवरात्र. मग घरी दिवाळीची रंगरंगोटी. मध्ये एकदा पुस्तक मिळत नव्हतं, एकदा मिळालं पण पानं सुटी झालेली होती. प्रत्येक वेळी शेवटचं वाक्य तेच: “उद्या वाचतो, मॅडम.”

ऑक्टोबरात मी जरा खोलात जाऊन विचारलं, “कुठपर्यंत आलास?” क्षणभर थांबून तो म्हणाला, “ते... टिळक घर सोडून जातात ना, तिथपर्यंत.” ज्यांनी ‘स्मृतिचित्रे’ वाचलं आहे ते आत्ता हसले. या पुस्तकात टिळक इतक्या वेळा घर सोडून जातात की हे उत्तर कुठल्याही पानावर खरं ठरावं! विजया मेहतांनी ‘स्मृतिचित्रे’वर केलेला चित्रपट त्याने पाहिला होता आणि त्या भांडवलावर तो तीन महिने काढत होता.

मला राग आला. वर्गासमोरच मी बोलून गेले, “मराठी घरात जन्मलास, मराठीत एम.ए. करतोस, आणि एक मराठी पुस्तक वाचायचा कंटाळा येतो?” वर्गात शांतता पसरली. त्यानंतर आठ दिवस तो आला नाही. मला वाटलं, बरं झालं, लागलं असेल मनाला, आता वाचेल.

नवव्या दिवशी तो स्टाफरूममध्ये आला. इतर कुणी नाही हे बघून आत आला. म्हणाला, “मॅडम, कंटाळा नाही. मला वेळ लागतो. एका पानाला दहा-पंधरा मिनिटं. हिंदी कादंबरी मी दोन दिवसांत संपवतो. मराठी उघडलं की मी दुसरी-तिसरीतला होतो. घरी सगळ्यांना सांगतात, हा मराठीत एम.ए. करून राहिलाय. मी पुस्तक उघडलं तर ते बघतील ना, मी किती वेळ एकाच पानावर आहे ते.”

बृहन्महाराष्ट्रात शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो, हे वाक्य मी सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. त्यापूर्वी ते कुणाच्या मनात नव्हतं असं मात्र मी म्हणणार नाही. मीच ते ऐकण्याजोगी बसले नव्हते.

या मुलाची अडचण नीट समजून घेऊ. त्याला लिपी येते, कारण हिंदीची तीच आहे. बोलता येतं, कारण घर मराठी आहे. या दोन्हींवरून आपण धरून चालतो की वाचताही येत असणार. पण बोललेली मराठी आणि छापलेली मराठी यांच्यामध्ये शाळा असते, आणि त्याची शाळा हिंदी माध्यमाची होती. हिंदीत ‘घर के लोगों के सामने’ हे पाच शब्द डोळ्यांना सुटे सुटे दिसतात. मराठीत त्याचं ‘घरच्यांसमोर’ होतं, सगळं एका शब्दात. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात आणि चिकटताना मूळ शब्दाचं रूपही बदलतात. ज्याच्या डोळ्यांना हिंदीची सवय आहे त्याला मराठी पान गच्च भरलेल्या डब्यासारखं दिसतं. आत शिरायचं कुठून हेच कळत नाही.

त्यात ओळखीचे शब्द दगा देतात. हिंदीत ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. हिंदीत ‘प्रपंच’ म्हटलं की फसवाफसवी, नसती उठाठेव असं काही डोळ्यांसमोर येतं. मराठीत बाई प्रपंच करते तेव्हा ती चूल पेटवते, मुलं वाढवते, पै पै जोडते. त्याने मला सांगितलं की सुरुवातीला ‘प्रपंच’ शब्द आला की लक्ष्मीबाईंविरुद्ध घरात काहीतरी कारस्थान शिजतंय असं त्याला वाटायचं. मी हसले, तोही हसला. पण विचार करा, मुख्य शब्दच उलटा लागला तर पुढची दहा पानं कशी लागणार? अनोळखी शब्दाला माणूस अडतो आणि कोश बघतो. ओळखीच्या शब्दाला तो अडतच नाही, सरळ चुकीच्या रस्त्याने जातो. आणि बऱ्याच वेळाने आपण भलतीकडे आलो आहोत असं लक्षात आलं की पुस्तक मिटून ठेवतो. उद्यावर टाकतो.

त्याच्याबरोबर बसून दहा पानं वाचावीत म्हणून मी ग्रंथालयात गेले. विभागाकडे ‘स्मृतिचित्रे’च्या चार प्रती आहेत. पुस्तकाच्या शेवटी तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते, ती सहज बघितली. चारही प्रतींवर मिळून शेवटचा शिक्का होता सात वर्षांपूर्वीचा. त्या सात वर्षांत माझ्याकडे या पुस्तकावरची उत्तरं दरवर्षी आली होती. लक्ष्मीबाईंची निरागस शैली, विनोदबुद्धी, तत्कालीन समाजाचं चित्रण, सगळं मुद्देसूद. काहींना मी साठ-पासष्ट टक्के गुणही दिले होते. काही मुलांनी पुस्तक विकत घेतलं असेल, काहींच्या घरी असेल, हे मी मान्य करते. तरीही चार प्रती सात वर्षं जागच्या हलल्या नाहीत, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

म्हणजे न वाचता उत्तीर्ण होण्याची सोय मीच करून ठेवली होती. ‘लेखनशैलीची वैशिष्ट्ये सोदाहरण स्पष्ट करा’ या प्रश्नाला पुस्तक लागतच नाही. नोट्स पुरतात. इतर मुलांनी ते ओळखलं होतं आणि माझ्यासमोर सफाईने माना हलवल्या होत्या. हा एकटा निदान ‘बाकी आहे’ म्हणत होता. ज्याच्यावर मी वर्गात ओरडले, तो त्यातल्या त्यात खरं बोलणारा होता.

आता माझं सांगते. हे सांगावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. मी एम.ए.ला असताना ‘स्मृतिचित्रे’ आम्हालाही होतं. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले तिथपर्यंत मी मन लावून वाचलं. पुढे परीक्षा जवळ आली, आमच्या सरांच्या नोट्स उत्तम होत्या, आणि उरलेलं पुस्तक मी सुट्टीत वाचायचं ठरवलं. ती सुट्टी आली नाही. पुढे नोकरी लागली, कवितेवर पीएच.डी. केली आणि ‘स्मृतिचित्रे’ शिकवायलाही लागले. पूर्वार्ध चांगला माहीत होता, तो रंगवून शिकवत होते. उत्तरार्ध चाळलेला होता. लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला, टिळक १९१९ मध्ये गेले, पुस्तकाचे चार भाग १९३४ पासून आले, शेवटचा भाग पुरा होण्याआधीच लक्ष्मीबाई गेल्या आणि तो त्यांचे चिरंजीव देवदत्त टिळक यांनी पुरा केला, हे सगळं मला पाठ होतं. माहिती होती, वाचन नव्हतं. समोरच्या मुलाला मी जे सुनावलं, ते मला कुणी कधी सुनावलं नाही, एवढाच आमच्यात फरक होता.

तो आणि मी त्या दुपारी दहा पानं वाचायला बसलो. चारच झाली. पण चारही नीट झाली. मग मी ठरवलं की आठवड्यातले दोन तास वर्गात फक्त वाचायचं. प्रत्येकाने दोन पानं मोठ्याने वाचायची. मध्ये प्रश्न नाहीत, फळ्यावर मुद्दे नाहीत. शब्द अडला तर थांबायचं आणि ज्याला माहीत असेल त्याने सांगायचं. पहिल्याच तासाला लक्षात आलं की सातांपैकी पाच जण अडखळतात. तोपर्यंत प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच. त्या तासानंतर तो मुलगा मोकळा झाला.

वर्गात पुस्तक जेमतेम सुरू झालं आणि डिसेंबरात परीक्षा आली. परीक्षेत त्याला या पत्रिकेत बेताचे गुण मिळाले. मी ते वाढवले नाहीत.

पण त्याने वाचन सोडलं नव्हतं. घरी त्याची आजी आहे, ऐंशीच्या पुढची. तिला आता छापील अक्षर दिसत नाही. वर्गात वाचायच्या पानांची तयारी म्हणून तो तिला मोठ्याने वाचून दाखवायला लागला. सोवळं-ओवळं म्हणजे काय, माजघर घरात कुठे असायचं, हे तिला कोशात बघावं लागत नव्हतं. लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचं वेड होतं, घरात येणारी वस्तू न् वस्तू धुऊन घ्यायचा त्यांचा हट्ट असे. तो भाग ऐकून आजीने आपल्या सासऱ्यांच्या गोष्टी सुरू केल्या आणि त्या दिवशी पुस्तक दीड पानच पुढे गेलं. चुकीचा उच्चार झाला की ती दुरुस्त करी. आणि मुख्य म्हणजे ‘उद्या वाचतो’ हे तिच्यापुढे चालत नसे. जेवण झालं की ती विचारायची, “काय रे, पुढं काय झालं त्या बाईचं?”

फेब्रुवारीत तो माझ्याकडे आला. म्हणाला, “मॅडम, संपलं.” परीक्षा होऊन दोन महिने झाले होते. मी त्याचं कौतुक केलं. तो उठला नाही. म्हणाला, “एक विचारायचं होतं. तुम्ही शिकवलं होतं की लक्ष्मीबाई दुःखसुद्धा हसत हसत सांगतात. आजी पुष्कळ ठिकाणी हसली. पण काही ठिकाणी मी हसलो आणि ती गप्प बसली. मग मीही गप्प बसलो. तर मॅडम, या पुस्तकात हसणं नेमकं कुठे थांबतं? थांबतं का?”

‘विनोदी आणि निरागस शैली’ हे माझं वाक्य. माझ्या सरांच्या नोट्समधून माझ्या नोट्समध्ये आलेलं आणि माझ्याकडून दरवर्षी सात-आठ वह्यांत गेलेलं. त्या वाक्याला एवढा साधा प्रश्न विचारता येतो हे मला कधी सुचलं नव्हतं. उत्तर द्यायला सगळं पुस्तक वाचलेलं असायला हवं होतं. मी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, “उद्या सांगते.”

त्या रात्री मी पहिल्या पानापासून वाचायला बसले. एका रात्रीत झालं नाही, बारा दिवस लागले. तेराव्या दिवशी मी वर्गात सगळ्यांसमोर सांगितलं की हे पुस्तक मी आत्ता पहिल्यांदा पूर्ण वाचलं, आणि त्याचा प्रश्न फळ्यावर लिहिला. त्या तासाला जी चर्चा झाली तशी माझ्या वर्गात फार क्वचित झाली आहे. एक मुलगी म्हणाली, टिळकांनी धर्म बदलला तिथे हसणं थांबतं. दुसरी म्हणाली, नाही, तिथेही बाई स्वतःची फजिती सांगतातच. थांबतं ते टिळक गेल्यावर. तो स्वतः म्हणाला, थांबत नाही, फक्त आधी ते ऐकणाऱ्यांसाठी असतं आणि नंतर बाईंच्या स्वतःसाठी असतं. यातलं बरोबर कोणतं ते मी सांगितलं नाही, आजही सांगत नाही. त्यासाठी पुस्तक वाचावं लागेल.

सगळं छान झालं असं मात्र नाही. सातांपैकी दोघांनी ते पुस्तक अखेरपर्यंत पूर्ण केलं नाही. विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेत ‘शैलीची वैशिष्ट्ये’ अजून येतात आणि ती बदलणं माझ्या हातात नाही. अंतर्गत मूल्यमापन मात्र माझ्या हातात आहे. तिथे मी आता एवढंच विचारते: तुम्ही जिथे अडलात अशी एक जागा निवडा, का अडलात ते लिहा, आणि पुढे कसे गेलात तेही लिहा. या प्रश्नाच्या नोट्स बाजारात मिळत नाहीत.

वाचायला नेमताना आपण आणखी एक चूक करतो. अख्खं पुस्तक एकदम हातात देतो आणि एक तारीख देतो. आपली मोठी पुस्तकं त्या काळच्या वाचकांच्या हातात अशी एकदम पडलेली नव्हती. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यातून क्रमशः आलं. त्या वाचकांना यमूची कहाणी आठवड्या-आठवड्याने मिळत होती आणि मध्ये बोलायला, वाट बघायला वेळ होता. ‘स्मृतिचित्रे’ही भागाभागांनी आलं. आपल्या विद्यार्थ्याला आपण सांगतो, गणपतीपर्यंत संपव. मी आता प्रकरणाप्रकरणाने नेमते. या आठवड्याला एवढंच. पुढचं वाचायची बंदी नाही.

आणि ज्या पुस्तकापुढे हा मुलगा स्वतःला दुसरीतला समजत होता, ते लिहिणारी बाई कधी शाळेत गेलेली नव्हती. लिहा-वाचायला ती लग्नानंतर नवऱ्याकडून शिकली, तेही त्याच्या लहरीप्रमाणे, सुटत-तुटत. अडखळत वाचण्याची लाज काय असते हे मराठीत तिच्याइतकं कुणाला ठाऊक असेल? हे मी त्याला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. मी त्याला तारीख सांगितली.

समोर लेखक बसले आहेत. तुमच्याकडे माझी एक विनंती आहे. आमच्या शहरांत आलात तर व्याख्यान थोडं कमी करा आणि स्वतःच्या पुस्तकातली पाच पानं मोठ्याने वाचून दाखवा. आमच्या मुलांच्या कानाला छापलेली मराठी ऐकायची सवय नाही. कानाला सवय झाली की डोळे मागून येतात, हे मी बघितलं आहे.

शिक्षकांना मी काय सांगणार? आपापल्या ग्रंथालयात जाऊन तारखेची चिठ्ठी एकदा बघा, एवढंच. आणि आपण जे शिकवतो त्यातलं काय आपण स्वतः पुढे ढकललेलं आहे, त्याची यादी करा. कुणाला दाखवू नका हवं तर. माझ्या यादीत अजून तीन पुस्तकं आहेत.

विद्यार्थ्यांनो, पुस्तक अवघड वाटत असेल तर तसं सांगा. ‘थोडंसंच बाकी आहे’ म्हणू नका; आम्हाला ते खरं वाटतं आणि मग आम्ही मदत करत नाही. घरात कुणी म्हातारं माणूस असेल, ज्याला मराठी येते पण आता वाचता येत नाही, तर त्याच्याजवळ बसून वाचा. तुमच्यापाशी डोळे आहेत, त्यांच्यापाशी शब्द आहेत. आपल्या शहरांत अशी माणसं फार दिवस मिळणार नाहीत.

त्या मुलाची आजी आता कशी आहे, असं मी मागच्या महिन्यात त्याला विचारलं. म्हणाला, “बरी आहे मॅडम. दुसरं पुस्तक आणायला सांगून राहिलीय.” मी विचारलं, “मग आणलंस?” तो हसला. काय म्हणाला असेल ते तुम्ही ओळखलंच. पण या वेळी त्याला विचारणारं कुणीतरी घरी आहे.